मदत हवी आहे : पोळ्याच्या सुट्टीत बाबांसाठी कोणती पुस्तकं नेऊ?

पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा (लहान मुलांचा, लाकडी बैलांचा) आणि लागून रविवार, म्हणून गावी जातेय. बाबांची फोनवर एकच फर्माईश, "येतानी वाचाले काही आणजो." कपाशीचं निंदण-डवरण आटोपलंय, दुपारी वेळ असतो त्यांना.

उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी जवळपास पाठ आहे. त्यातल्या कौतिकबद्दल ते शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलतात! सदानंद देशमुखांची 'बारोमास' मात्र अर्ध्यावरच मिटली. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे म्हटलं, तर म्हणे, "असू दे, हे तं आपल्याच घरचं हाय." तेव्हा कर्ज-नापिकी नको.

मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' मनात आहे. नवेगावबांधचं जंगल, पक्षी, बाबा रमतील. पण ते जाडजूड, खाटेवर पडून वाचायला जमेल का? कुणी वडीलधाऱ्यांना दिलं असेल तर सांगा. पातळ, ठळक टायपाचं, थोडं हसवणारं काही असेल तर आधी तेच सुचवा.

कुरिअर गावात येत नाही, तालुक्यालाच थांबतं. त्यामुळे अमरावती किंवा यवतमाळला दुकानात हमखास मिळेल असंच सांगा. भाच्यासाठीही एखादं चित्रांचं पुस्तक चालेल, लाकडी बैलासोबत बोजारा (तान्ह्या पोळ्याची भेट) म्हणून देईन.