अँडीचं पान मांडा! स्मॅशमध्ये अ‍ॅडव्हान्स वॉर्सचा माणूस का हवा

तोफखाना:
सुपर स्मॅश ब्रदर्स म्हणजे निरनिराळ्या खेळांतली पात्रं एकमेकांशी लढवायचा निन्टेन्डोचा फायटिंग गेम. त्याच्या अल्टिमेट भागाच्या पंगतीत ८९ जण जेवून उठले. त्यात व्यायाम शिकवणारी बाई आहे, बदकं मारायच्या खेळातला कुत्रा आहे, मारिओला चावणारं झाडसुद्धा कुंडीसकट येऊन बसलं. पण निन्टेन्डोच्या स्वतःच्या घरातला, १९८८च्या फॅमिकॉम वॉर्सपासून चालत आलेला युद्धाचा खेळ अजून दाराबाहेर. २००८च्या स्मॅश ब्रॉलमध्ये बोलावलं होतं, तेही असिस्ट ट्रॉफी म्हणून, म्हणजे घटकाभर मदतीला. चिमुकले शिपाई आणि रणगाडे येतात, गोळ्या झाडतात, गायब होतात. लग्नात बँडवाल्यांना मागच्या दाराने वाढतात ना, तसं.

माझा उमेदवार अँडी. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अ‍ॅडव्हान्स वॉर्स हा चौकटींच्या नकाशावर आळीपाळीने खेळायचा खेळ. शहरं ताब्यात घ्यायची, दर शहरामागे दर टर्नला १००० मिळतात, त्यातून १०००चा शिपाई, ७०००चा रणगाडा, परवडलं तर २२०००चं बॉम्बर घ्यायचं आणि शत्रूचं मुख्यालय बळकवायचं. आपण म्हणजे सेनापती, सीओ. प्रत्येक सीओची खोड वेगळी. मॅक्स रणगाड्यांत दांडगा, तोफांत कच्चा. कान्बेईचं सैन्य जबरदस्त, पण सगळं वीस टक्के महाग. आणि आमचा अँडी ऑरेंज स्टार देशाचा मेकॅनिक, कोवळं पोर, हातात भलामोठा पाना. त्याची 'हायपर रिपेअर' वापरली की मैदानावरचं सगळं सैन्य दोन-दोन पॉइंटनी दुरुस्त. एका मोहिमेआधी हा सेनापती चक्क विमानतळ म्हणजे काय असं विचारतो. असल्या माणसाच्या हाती फौज आहे आणि तरी आपण जिंकतो, म्हणून तो लाडका.

मी हा खेळलो मामेभावाच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर. मस्कतहून आलेलं ते यंत्र, दोन पेन्सिल सेलवर चालायचं, आणि त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. सांगलीत संध्याकाळी लोडशेडिंग. मग आईच्या इमर्जन्सी दिव्याखाली, पडदा असा तिरका धरायचा की दिव्याची नळी त्यात दिसू नये. आपला टर्न झाला की यंत्र समोरच्याच्या हातात द्यायचं. दोघांत एकच यंत्र पुरतं, हे या खेळाचं मोठेपण. भाऊ विचार करत बसला की दिवा मंद व्हायला लागायचा आणि मी ओरडायचो, "खेळ लवकर, नायतर दोघं हरू."

आता मुद्दा. स्मॅशमध्ये अँडीने नुसता पाना फिरवला तर मजा नाही. त्याला पैसे द्या. फटके मारले की पैसे जमतील, आणि स्टेजवर झेंडा रोवून ती जागा ताब्यात घेता येईल. मूळ खेळात ताबा घ्यायला २० पॉइंट लागतात. धडधाकट शिपाई टर्नला १० घेतो, म्हणजे दोन टर्न. अर्धा मार खाल्लेला शिपाई ५च घेतो, म्हणजे चार. स्मॅशमध्ये मार खाल्ला की नुकसानीचे टक्के चढतात. जितके टक्के जास्त तितका झेंडा हळू चढेल. दोन्ही खेळांचे नियम एकमेकांत असे आपसूक बसतात. बोला.

घोडं_पेंड_खातं:
लेख छान, दिव्याचा भाग तर फारच. पण घोडं इथेच पेंड खातंय. अँडी लढतच नाही. तो मागे बसून हुकूम सोडतो. फायटिंग गेममध्ये माणूस घेताना त्याचं अंग बघतात, त्याची बुद्धी नव्हे. तुम्ही सांगितलेला झेंडा, पैसे, सैन्य हे सगळं खेळाचं आहे, अँडीचं त्यात फक्त पाना. मग आधीचीच असिस्ट ट्रॉफी बरी होती की. शिपाई आले, लढले, गेले. प्रामाणिक होतं ते.

तोफखाना:
कॅप्टन फाल्कन आठवा. १९९०च्या एफ-झीरोमध्ये हा बुवा गाडीतून उतरतच नाही, त्याला बघायचं तर सोबतच्या पुस्तिकेतलं कॉमिक उघडायचं. १९९९च्या पहिल्या स्मॅशने त्याला गाडीतून उतरवलं आणि हाती तो आगीचा ठोसा दिला. आज फाल्कन म्हटलं की गाडी कुणाला आठवते? अँडीकडे निदान पाना तरी पहिल्या दिवसापासून आहे.

घोडं_पेंड_खातं:
फाल्कनचं मान्य. पण तो निदान बघताक्षणी लढवय्या वाटतो. तुमचं पोर गॅरेजमधून जेवायच्या सुट्टीत आल्यासारखं दिसतं.

नऊवारी_निन्जा:
मग सामी घ्या ना! तुम्हा दोघांना एवढं साधं कसं सुचत नाही? ऑरेंज स्टारचीच, कमांडो, आणि तिची खासियतच पायदळ. तिचे शिपाई दीडपट वेगाने ताबा घेतात. म्हणजे तोफखानादादांची झेंड्याची कल्पना मुळात तिचीच. अँडीला झेंडा देणं म्हणजे सुनेचं स्त्रीधन दिराच्या नावावर करण्यासारखं आहे. पान्याने डोकं फोडणारी पोरं स्मॅशमध्ये कमी आहेत का?

तोफखाना:
ताई, सामी मलाही आवडते. अँडी पोशाख बदलून सामी व्हावा, इतपत मी खाली येतो.

नऊवारी_निन्जा:
खाली येतो म्हणे. वर या जरा.

शेवटचा_टर्न:
सगळे मूव्हसेट म्हणजे कुणाला कुठले डाव द्यायचे ते मोजताहेत आणि खरी अडचण कुणी बोलत नाही. या मालिकेच्या पत्रिकेतच खोट आहे. पहिला अ‍ॅडव्हान्स वॉर्स अमेरिकेत आला १० सप्टेंबर २००१ला. दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायला नको. युरोपात तो जानेवारी २००२वर गेला. जपानमध्ये तर थांबवलाच, आणि तिथल्या लोकांना मिळाला नोव्हेंबर २००४मध्ये, दुसऱ्या भागासोबत एकाच कार्ट्रिजमध्ये. ज्या देशाने बनवला त्या देशाने तीन वर्षं वाट पाहिली.

पुढे २०२१मध्ये स्विचसाठी दोन्ही भागांची नवी आवृत्ती जाहीर झाली, री-बूट कॅम्प. डिसेंबरची तारीख होती, ती एप्रिल २०२२वर ढकलली. मध्ये फेब्रुवारीत रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं. मार्चमध्ये निन्टेन्डोने जगातल्या घडामोडींचं कारण देऊन गेम बेमुदत थांबवला. आणि ते बरोबरच होतं, कारण खेळाची सुरुवात कशी आहे आठवतंय? फरची टोपी, पांढरी दाढी, बर्फाची पॉवर असलेला ओलाफ आपलं ब्लू मूनचं सैन्य घेऊन शेजारच्या देशात घुसतो. २००१मध्ये ते कार्टून होतं. २०२२मध्ये तेच बातम्यांत चाललं होतं. शेवटी २१ एप्रिल २०२३ला गेम आला, आणि युद्ध तेव्हाही चालूच होतं.

आता तुम्ही निन्टेन्डोच्या कचेरीत बसा आणि सांगा. स्मॅशच्या नव्या लढवय्याचा ट्रेलर महिनोन् महिने आधी ठरतो. त्यात रणगाडे घेऊन हसणारं पोर. त्या आठवड्यात जगात कुठे काय पेटलेलं असेल याची हमी कोण देणार? मारिओला हा धोका नाही. फायर एम्ब्लेममधल्या मार्थच्या तलवारीलाही नाही. रणगाडा अजून रोज बातम्यांत असतो, हा फरक आहे. मला स्वतःला अँडी हवा आहे. पण मी त्या खुर्चीत असतो तर सही केली नसती.

तोफखाना:
हा मुद्दा जड आहे, थट्टेवारी नेत नाही. फक्त दोन गोष्टी. एक, स्मॅशने मेटल गिअरमधल्या स्नेक या सैनिकाला घेतलं तेव्हा हातबॉम्ब, क्षेपणास्त्र, सुरुंग सगळं दिलं, साधी बंदूक मात्र हातात दिली नाही. म्हणजे कुठे रेघ मारायची ते त्यांना कळतं. दोन, तुम्हीच सांगितलंत की युद्ध चालू असताना २०२३मध्ये गेम विकायला ठेवला. एक पूर्ण गेम चालतो तर ८९ जणांतला एक का चालू नये?

शेवटचा_टर्न:
गेम आपण स्वतः विकत घेतो, काय आहे ते माहीत असतं. स्मॅशमध्ये सात वर्षांचं पोर कर्बी घेऊन बसतं आणि समोरून रणगाडा येतो. बातम्या बघून उठलेल्या त्याच्या बापाला ते दिसतं. तुलना बरोबर नाही.

पानात_वाढलेलं:
एक विचारू? अ‍ॅडव्हान्स वॉर्सवाल्या इंटेलिजंट सिस्टिम्सने फायर एम्ब्लेमही बनवला, तोही टर्नचाच खेळ. त्यातले मार्थ, रॉय, आइक, रॉबिन, लुसिना, कॉरिन, क्रोम, बायलेथ असे आठ जण आहेत. वर पिकमिनचा ओलिमार. स्ट्रॅटेजीवाल्यांवर अन्याय कुठे झाला? बायलेथ आली तेव्हा फायर एम्ब्लेमचे फार झाले अशी कुरकूर होती, आणि स्मॅशचे दिग्दर्शक साकुराई यांनी ती स्वतः बोलूनही दाखवली होती.

तोफखाना:
तेच तर दुखणं! एकाच स्टुडिओच्या दोन मुलांपैकी एकाला आठ पानं आणि दुसऱ्याला उंबरठ्यावर वाटी. आणि फायर एम्ब्लेमचे लढवय्ये त्यांच्या खेळातही स्वतःच तलवार चालवतात. मार्थ तिथे जे करतो तेच इथे करतो. त्यात स्ट्रॅटेजी आली कुठून? आठांत एक रॉबिनच थोडा वेगळा. त्याची लेव्हिन तलवार आणि मंत्रांची पुस्तकं ठरावीक वापरानंतर संपतात, रिकामं पुस्तक तो फेकून देतो, आणि ते समोरच्याला लागतंसुद्धा! मूळ खेळातला हत्यार झिजण्याचा नियम उचलून आणलाय. मला असंच हवंय. ओलिमारचंही तसंच. तो जमिनीतून उपटेल त्या रंगाचे पिकमिन, म्हणजे चिमुकले जीव, सैन्य म्हणून वापरतो. ब्रॉलमध्ये सहा बाळगता यायचे, पुढे तीनवर आणले. सैन्य बाळगणारा माणूस स्मॅशमध्ये चालतो हे त्याने सिद्ध केलंय. पण पिकमिनला पैसे लागत नाहीत. स्वस्तातले सात शिपाई घ्यायचे की एक रणगाडा, हा प्रश्न स्मॅशमध्ये अजून कुणालाच पडलेला नाही.

वोलोलो_महाराज:
स्ट्रॅटेजीचं पान मांडायचंच तर एज ऑफ एम्पायर्सच्या भटजींना बोलवा. लांबून 'वोलोलो' म्हणायचं की समोरचा बाऊझर, मारिओचा तो शत्रू, निळा होऊन आपल्या बाजूने लढायला लागतो. मायक्रोसॉफ्टचे बँजो आणि माइनक्राफ्टचा स्टीव्ह आधीच आलेत, ओळख आहे. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांचा हा एकच खरा उमेदवार. अँडी कोण हे आमच्या गल्लीत कुणाला माहीत नाही.

पानात_वाढलेलं:
महाराज, एक विरुद्ध एक सामन्यात समोरचा आपल्या बाजूला आला तर मग लढणार कोण?

वोलोलो_महाराज:
कुणीच नाही. प्रसाद घेऊन घरी जायचं.

कडेलोट:
मी स्पर्धांमध्ये खेळणारा, म्हणून रुक्ष बोलतो. तुमचा अँडी कोपऱ्यात उभा राहून तोफा बोलावणार आणि आम्ही उड्या मारत बसणार. स्टीव्ह आला ऑक्टोबर २०२०मध्ये, खाणी खोदून सामान जमवणारा. कित्येक स्पर्धांनी शेवटी त्याच्यावर बंदी घातली. साठवण करणारं कॅरेक्टर म्हणजे काय होतं ते आम्ही भोगलंय. पैसे, झेंडा, वरून दुरुस्ती? नको.

तोफखाना:
याचं उत्तर मूळ खेळातच आहे, म्हणून तर मी हट्ट धरतोय. अ‍ॅडव्हान्स वॉर्समधली तोफ दोन-तीन चौकटींवर मारते, पण अगदी शेजारी येऊन उभ्या राहिलेल्याला मारूच शकत नाही. आणि ज्या टर्नला हलली त्या टर्नला झाडता येत नाही. तेच इथे आणा. तोफ बोलावली की अँडीने जागचं हलायचं नाही. तुम्ही तिला चिकटलात की ती निव्वळ लोखंड. आणि हायपर रिपेअर सैन्य दुरुस्त करते, सेनापतीला नाही. अँडीचे स्वतःचे टक्के कधीच उतरणार नाहीत. स्टीव्हला असला लगाम कुठे होता?

कडेलोट:
शेजारी आलेल्याला मारता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. हे बरं आहे. म्हणजे त्याच्यापर्यंत पोचणं हाच सामना. मधल्या शिपायांचं काय? एका फटक्यात मरणार का?

तोफखाना:
१०००चा शिपाई एका फटक्यात. रणगाडा तीन-चार खाईल, पण ७००० जमेपर्यंत तुम्ही मला दोनदा स्टेजबाहेर फेकलेलं असेल. आणि मेलो की खजिना अर्धा.

कडेलोट:
अर्धा नको. सगळा.

तोफखाना:
सगळा गेला तर सामी घेऊन कुणी खेळणारच नाही.

नऊवारी_निन्जा:
आता कसे सामी म्हणालात!

घोडं_पेंड_खातं:
माझं मत अजून तेच आहे, पण शेजारच्याला न मारणारी तोफ डोक्यातून जात नाहीये. आज ऑफिसात अर्धा तास त्यातच गेला.

शेवटचा_टर्न:
खेळ म्हणून तुम्ही मला जिंकलंत, हे लिहून देतो. सही मात्र अजून करत नाही. शिपायांना खेळण्यातल्या चावीच्या बाहुल्यांसारखं केलं, रणगाड्यातून रंगीत गोळे सोडले, तर कदाचित पुन्हा विचार करेन.

तोफखाना:
चावीचे शिपाई चालतील. पाना आहेच हातात, चावी तोच देईल.

पानात_वाढलेलं:
हे सगळं झालं, पण स्टेज कुठला देणार? पूल, जंगल, शहर?

नऊवारी_निन्जा:
विमानतळ.

तोफखाना:
चालेल. पण पत्ता सामीलाच विचारा.