हर्झलच्या आधीचं थोडं
झायोनिझम, म्हणजे ज्यूंच्या स्वतःच्या भूमीसाठीची चळवळ, ड्रायफस खटल्यातून (फ्रान्समधल्या एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरचा देशद्रोहाचा खोटा खटला) जन्मला, असं म्हटलं जातं. मला वाटतं, थोडं मागे जायला हवं. १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. पुढच्याच वर्षी ओडेसाच्या डॉ. पिन्स्करने जर्मनमधून निनावी पुस्तिका काढली: ज्यूंना स्वतःची भूमी हवी. थिओडोर हर्झल या पत्रकाराने त्या विचाराला संघटना दिली, हे श्रेय मात्र त्याचंच. १८९७ ची पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे परिषद, म्युनिकला भरायची होती, पण तिथल्या ज्यूंनीच विरोध केला, म्हणून ती स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गेली! आणि थाट बघा, उद्घाटनाला टेलकोट, पांढरा टाय सक्तीचा. हर्झलचा सहकारी, लेखक मॅक्स नॉर्डाऊ साध्या कोटात आला, तर हर्झलने गळ घालून त्याला कपडे बदलायला लावले.