आइंडहोवनला मुक्काम असताना बेल्जियमची कोणती शहरे रेल्वेने एका दिवसात पाहावीत?

पावसचा बागायतदार

नमस्कार. आम्ही उभयता रत्नागिरीजवळ पावस येथे राहतो. आंब्याची बाग असल्यामुळे हंगाम संपेपर्यंत घर सोडता येत नाही, म्हणून यंदा बागेतील कामे उरकून जूनच्या मध्यावर कन्येकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला जाण्याचे ठरवले आहे. कन्या आणि जावई दोघेही नोकरी करतात आणि त्यांना शनिवार-रविवारखेरीज सवड नसते. तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी आम्ही दोघांनीच सकाळी निघून रात्री परत यावे, असा विचार आहे.

नकाशावर सगळी शहरे एकमेकांना खेटून दिसतात. त्यामुळे माझ्या पहिल्या यादीत अँटवर्प, ब्रुसेल्स, गेंट, ब्रुज आणि लिएज ही पाचही नावे एकेका दिवसाची म्हणून लिहिलेली आहेत. हे शक्य आहे का? युरोस्टारची तिकिटे आतापासून काढावीत की साध्या गाड्यांनी जावे? अनेक दिवसांचा रेल्वे पास घेतल्यास सोयीचे होईल का? सौभाग्यवतींना गुडघ्याचा त्रास असल्यामुळे फार जिने आणि धावपळ टाळायची आहे, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

मूळची चिपळूणची, सध्या ब्रेडा

काका, आपला प्रश्न वाचून मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण आइंडहोवनहून बेल्जियमला जाण्याचा प्रत्येक बेत ज्या गावावरून जातो, त्याच ब्रेडात मी राहते.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, आइंडहोवनपासून बेल्जियमची हद्द जवळ असली तरी तेथून सरळ हद्दीपार जाणारी प्रवासी गाडी नाही. दोन वाटा आहेत. पहिली पश्चिमेला ब्रेडावरून अँटवर्प, मेकेलेन आणि ब्रुसेल्सकडे जाते. दुसरी दक्षिणेला मास्ट्रिख्टवरून लिएजकडे जाते. आपल्या यादीतली शहरे या दोन वाटांवर मांडून पाहिलीत की, कोणते शहर एका दिवसाचे आणि कोणते नाही, हे आपोआप उलगडेल.

ब्रेडाच्या वाटेने अँटवर्प हे सर्वांत सोयीचे शहर आहे. आइंडहोवनहून हेगकडे जाणारी इंटरसिटी पकडून ब्रेडाला उतरावे आणि तेथून रॉटरडॅम-ब्रुसेल्स मार्गावरची युरोसिटी ही दोन देशांना जोडणारी गाडी घ्यावी. दोन्ही गाड्या आणि मधली प्रतीक्षा धरून साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात. युरोस्टारचा विचार आपण सोडून द्यावा. ती वेगवान गाडी ॲमस्टरडॅम, स्किफोल विमानतळ आणि रॉटरडॅम येथून निघून अँटवर्पला जाते, ब्रेडाला थांबत नाही, आणि तिला आरक्षण सक्तीचे असून तिचे तिकीट ठरावीक गाडीपुरतेच असते. आइंडहोवनहून तिच्यासाठी रॉटरडॅमपर्यंत जाणे म्हणजे वाट वाकडी करून पैसे जास्त मोजणे होय. डिसेंबर 2024 पासून युरोसिटी डायरेक्ट नावाची एक वेगवान गाडीही सुरू झाली आहे, परंतु तिचा मार्ग ॲमस्टरडॅम झाउड, स्किफोल, रॉटरडॅम, अँटवर्प, ब्रुसेल्स असा आहे. नावात साम्य असल्यामुळे तिकीट काढताना या दोन गाड्यांची गल्लत होते. आपल्याला हवी ती ब्रेडाला थांबणारी साधी युरोसिटी.

या साध्या गाडीचा आणखी एक लाभ ब्रुसेल्सला कळतो. वेगवान गाडी दक्षिणेकडच्या झाउड म्हणजेच मिदी स्थानकात सोडते आणि तेथून जुन्या शहरात जाण्यासाठी पुन्हा गाडी बदलावी लागते. साधी युरोसिटी मात्र शहराच्या पोटातल्या मध्यवर्ती स्थानकात थांबते, जेथून ग्रँड प्लास हा जगप्रसिद्ध चौक चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला गाडीतली पंधरा-वीस मिनिटे वाचण्यापेक्षा ही सोय कितीतरी मोलाची वाटेल. ब्रुसेल्स एका दिवसात होते, मात्र जाऊन-येऊन पाच तासांच्या आसपास प्रवास धरावा आणि सोमवार टाळावा, कारण तेथील शाही ललितकला संग्रहालये सोमवारी बंद असतात.

अँटवर्पविषयी थोडे अधिक लिहिते. तेथील मध्यवर्ती स्थानक 1905 साली बांधून पूर्ण झाले आणि त्याचा दगडी घुमट पाहण्यासाठीच लोक अर्धा तास थांबतात. पूर्वी सर्व गाड्यांना तेथे तोंड फिरवून परत जावे लागे. 2007 साली शहराखालून बोगदा झाला आणि आपली गाडी आता सर्वांत खालच्या मजल्यावर येते. वर येण्यासाठी सरकते जिने आणि उद्वाहने आहेत, तेव्हा घाई न करता एकेक मजला पाहत वर यावे. स्थानकाला लागूनच हिऱ्यांचा बाजार आहे, जेथे अनेक गुजराती व्यापारी कुटुंबे स्थिरावलेली आहेत. जुने शहर पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर असून ट्रामही मिळते. कॅथेड्रलमध्ये चित्रकार रूबेन्सची काही प्रचंड चित्रे ज्या जागेसाठी काढली, त्याच वास्तूत टांगलेली पाहायला मिळतात. माझ्या मते मात्र अँटवर्पचे खरे वैभव प्लांटिन-मोरेटस हे छापखान्याचे संग्रहालय आहे. सन 1600 च्या सुमाराचे, जगात टिकून राहिलेले सर्वांत जुने दोन मुद्रणयंत्र तेथे आहेत आणि 2005 साली त्या वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. हेही सोमवारी बंद असते.

आता गेंट आणि ब्रुज. ही दोन्ही शहरे आइंडहोवनहून एका दिवसात करू नयेत, असे मी स्पष्ट सांगते. ब्रेडा आणि अँटवर्प येथे गाडी बदलून गेंटला पोहोचेपर्यंत पावणेतीन तास सहज जातात, ब्रुजला त्याहून जास्त. सहा-सात तास गाडीत आणि स्थानकांवर काढून ब्रुजच्या ओबडधोबड दगडी रस्त्यांवर उतरले की, पाहण्याचा उत्साहच उरत नाही. त्याऐवजी एक रात्र गेंटला राहावे. गेंट ते ब्रुज हे अंतर अवघे पंचवीस मिनिटांचे आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी होण्याआधी ब्रुज पाहून संध्याकाळी परत निघता येते. गेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये फान आइक बंधूंचे 1432 सालचे वेदीचित्र आहे; त्याच्या दर्शनासाठी वेळ ठरवून तिकीट घ्यावे लागते, म्हणून ते आधी काढावे आणि गाडीची वेळ त्यानुसार निवडावी. गेंटचे मुख्य स्थानक जुन्या शहरापासून दोन किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे ट्रामच घ्यावी. ब्रुजच्या घंटाघराला 366 पायऱ्या आहेत आणि ते खालूनच सुंदर दिसते.

एका दिवसात दोन शहरे करण्याला माझा सहसा विरोध असतो. मास्ट्रिख्ट आणि लिएज हा त्याला अपवाद, कारण ती एकाच वाटेवर आहेत. आइंडहोवनहून तासाभरात मास्ट्रिख्ट, आणि तेथून आखेन-मास्ट्रिख्ट-लिएज अशी तीन देशांना जोडणारी गाडी अर्ध्या तासाच्या आसपास लिएजला नेते. हा बेत रविवारी कन्या-जावयांसह करावा, कारण रविवारी सकाळी लिएजला म्यूज नदीच्या काठाने ला बात नावाचा जुना बाजार भरतो. आधी लिएज गाठून बाजार पाहावा आणि परतताना मास्ट्रिख्टला उतरावे. लिएज-गिलेमाँ हे वास्तुकार कालात्रावा यांनी रचलेले, 2009 साली सुरू झालेले काचेच्या आणि पोलादाच्या छताचे स्थानक स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे, परंतु शहर तेथून दूर आहे; लिएज-सेंट-लाम्बेर या स्थानकापर्यंत दुसऱ्या गाडीने जावे.

पासचे म्हणाल, तर भारतातून येणाऱ्यांना युरेल पास मिळतो, पण अशा आखूड अंतरांसाठी तो क्वचितच परवडतो. नेदरलँड्सच्या अंतर्गत प्रवासासाठी कन्येकडे एन.एस. या तेथील रेल्वे कंपनीचे गर्दीबाहेरच्या वेळेतील सवलतीचे सदस्यत्व असेल, तर तिच्यासोबत प्रवास करणाऱ्या तिघांपर्यंत प्रत्येकाला 40 टक्के सवलत मिळते. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा ही गर्दीची वेळ वगळावी लागते. शनिवार-रविवारी हे बंधन नसते.

वेंगुर्ले बंदर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तथापि एक वेगळा विचार मांडावासा वाटतो. आपण कोकणातून जात आहात, तेव्हा बेल्जियमच्या नादात हेग आणि डेल्फ्ट सोडू नयेत.

आमच्या वेंगुर्ल्यात 1637 साली डच ईस्ट इंडिया कंपनीने ठाणे वसवले आणि त्या वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत. 1602 साली स्थापन झालेल्या त्या कंपनीचा कारभार ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहाउझन या सहा शहरांतल्या शाखांमधून चाले. त्यांपैकी डेल्फ्ट आपल्याला सर्वांत सोपे आहे, कारण आइंडहोवनहून हेगला जाणारी थेट इंटरसिटी तेथे थांबते, कोठेही गाडी बदलावी लागत नाही. कंपनीची जुनी इमारत तेथे कालव्याकाठी अजून आहे. त्याच गाडीने पुढे हेगच्या मध्यवर्ती स्थानकात उतरावे. स्थानकाला लागून असलेल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीचे दस्तऐवज जपलेले आहेत आणि 2003 साली युनेस्कोने त्या दप्तरांची जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली. आपल्या किनाऱ्यावरून गेलेली पत्रे आणि हिशेब त्या भिंतींच्या आत आहेत, ही जाणीव मला फार मोठी वाटते. तेथून दहा-बारा मिनिटे चालले की मॉरित्सहाउस संग्रहालय लागते. चित्रकार व्हर्मीर डेल्फ्टचा असला तरी त्याने काढलेले डेल्फ्टचे नगरचित्र तेथे पाहायला मिळते.

हे पाहून मग अँटवर्पला जावे, असे मी सुचवेन. 1585 साली अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले आणि तेथील असंख्य व्यापारी व कारागीर उत्तरेकडे निघून गेले. ॲमस्टरडॅमच्या भरभराटीला त्या स्थलांतराचा मोठा हातभार लागला. ही संगती मनात असली की, दोन देशांतली ही शहरे एकाच इतिहासाची दोन पाने वाटतात.

दापोलीची वाचक

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. कागदपत्रांसंबंधी थोडी भर घालते. मुक्काम प्रामुख्याने नेदरलँड्समध्ये असल्यामुळे शेंगेन व्हिसाचा अर्ज त्याच देशाकडे करावा. त्याच व्हिसावर बेल्जियमला जाता येते. तरीही प्रत्येक वेळी मूळ पारपत्र जवळ बाळगावे, कारण डिसेंबर 2024 पासून नेदरलँड्सने बेल्जियमच्या हद्दीवरही अधूनमधून तपासणी सुरू केली आहे.

नेदरलँड्समध्ये स्थानकात शिरताना आणि बाहेर पडताना बँकेचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड यंत्राला टेकवून प्रवास करता येतो. प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते, आणि जे कार्ड शिरताना टेकवले, तेच उतरताना टेकवावे. भारतीय कार्डांवर परदेशातील वापर आणि स्पर्शविरहित व्यवहार मुळात बंद असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून दोन्ही सुरू करून घ्यावेत. मात्र ही सोय हद्दीपर्यंतचीच आहे. आइंडहोवनला कार्ड टेकवून अँटवर्पला उतरता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तिकीट काढावे. बेल्जियममध्ये गाडीत चढण्याआधी तिकीट घ्यावे, गाडीत घेतल्यास जास्तीचा आकार पडतो.

बेल्जियमच्या रेल्वेत संप वरचेवर होतात. ते आधी जाहीर होतात आणि कोणत्या गाड्या धावणार, हे आदल्या दिवशी वेळापत्रकात दिसते. नेदरलँड्समध्ये शनिवार-रविवारी रुळांची कामे काढलेली असतात, त्यामुळे रविवारचा लिएजचा बेतही आदल्या रात्री पडताळून घ्यावा. आपण शाकाहारी असाल तर आणखी एक सांगते: बेल्जियममधले बटाट्याचे काप परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पावसचा बागायतदार

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. यादी पुन्हा लिहिली आहे. पहिल्या आठवड्यात डेल्फ्ट आणि हेग, नंतर मंगळवारी अँटवर्प, रविवारी सर्वांसह लिएज आणि मास्ट्रिख्ट, आणि शेवटी गेंटला एक रात्र. ब्रुसेल्स प्रकृती पाहून ठरवू. एकच शंका उरते. ब्रेडाला गाडी बदलताना पहिली गाडी उशिरा आली आणि युरोसिटी निघून गेली, तर तिकीट वाया जाईल का?

मूळची चिपळूणची, सध्या ब्रेडा

काका, काळजी करू नये. आइंडहोवन ते अँटवर्प असे एकच सलग तिकीट काढावे. आइंडहोवन ते ब्रेडा आणि ब्रेडा ते अँटवर्प असे दोन तुकडे करू नयेत. सलग तिकीट असले की, चुकलेल्या जोडगाडीची जबाबदारी रेल्वेवर येते आणि आपल्याला पुढच्या गाडीने जाता येते. युरोपीय नियमानुसार एक तास ते दोन तासांच्या आत उशीर झाल्यास भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तास किंवा अधिक उशीर झाल्यास 50 टक्के भरपाई मागता येते. आपल्याकडे सावंतवाडी पॅसेंजर चुकली की दिवसाचा बेत बिघडतो, तसे येथे होत नाही, कारण पुढची युरोसिटी तासाभराने असते. तरीही सौभाग्यवतींचे गुडघे लक्षात घेता, रेल्वेचे ॲप सुचवते ती मोजक्या मिनिटांची जोडगाडी नाकारून तिच्या पुढची निवडावी आणि मधल्या वेळात ब्रेडा स्थानकावर निवांत चहा घ्यावा.

जूनच्या उत्तरार्धात येथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेड पाहून वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून अँटवर्पहून परतीची गाडी घड्याळ पाहून आधीच ठरवून ठेवावी. आठच्या सुमाराची धरलीत, तर ती चुकली तरी मागे आणखी गाड्या असतात.

गेंटचे वेदीचित्राचे तिकीट मात्र आजच पाहून ठेवा.