सिट-अप्स कायमच्या बंद कराव्यात का? माझं मत: हो

तळजाई_सकाळ

वय ४४. काम दिवसभर खुर्चीतलं, वर हिंजवडीचा रोजचा प्रवास. मागच्या जूनपासून सकाळी उठल्याबरोबर १०० सिट-अप्स (उताणं पडून पूर्ण उठून बसायचं) मारायचो, पाय पलंगाखाली अडकवून. पाच महिने खाडा केला नाही. नोव्हेंबरात बाथरूममध्ये बादली उचलायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की चार दिवस मोजे घालता येईनात. त्यानंतर फिजिओकडे बरेच दिवस जात होतो, मिळेल ते वाचलं, आणि मत पक्कं झालं. ते इथे मांडतो. खोडून काढायचं असेल तर जरूर काढा, पण कारण सांगून.

पोटाचे स्नायू म्हणजे पुढे दिसणारे चौकोन एवढंच नाही. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभा जाणारा एक (डावा-उजवा असा जोडीने), दोन्ही बाजूंना तिरके दोन थर, आणि सगळ्यात आत पट्टा बांधावा तसा आडवा वेढलेला एक. हे सगळे मिळून दिवसभर काय करतात? मंडईतून एका हातात आठ किलोची पिशवी घेऊन चालून बघा. अंग पिशवीच्या बाजूला कलंडत नाही, कारण दुसऱ्या बाजूचे तिरके स्नायू कंबर धरून ठेवतात. बस करकचून थांबते तेव्हा उभ्या माणसाचं धड जागेवर राहतं तेही त्यांच्यामुळेच. म्हणजे त्यांचं मुख्य काम मणक्याला वाकवणं नाही, वाकू न देणं आहे. मग व्यायामही तोच हवा.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्यभर कमरेच्या मणक्याचाच अभ्यास केला. डुकराचे मणके यंत्रावर दाब देऊन हजारो वेळा वाकवले, तेव्हा मधल्या चकत्या हळूहळू फाटत मागच्या बाजूला सरकल्या. कंबर दुखणाऱ्यांसाठी त्यांनी तीन व्यायाम सांगितले: एक पाय दुमडून, हात कमरेखाली ठेवून डोकं-खांदे जरासेच उचलणं, कुशीवरचा प्लँक (कोपरावर आणि पावलांवर अंग सरळ तोलून धरणं), आणि रांगण्याच्या स्थितीत उजवा हात-डावा पाय लांब करणं, म्हणजे बर्ड डॉग. प्रत्येक वेळी साधारण दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. मी गेले चार महिने हेच करतोय. कंबर शाबूत आहे, आणि परवा सिंहगड न थांबता चढलो.

अमेरिकेच्या मरीन दलानेही २०२३ पासून चाचणीतले क्रंच (फक्त डोकं-खांदे उचलायची अर्धी सिट-अप) काढून प्लँक ठेवला. एवढं झाल्यावर आपण सिट-अप्स का मारायच्या?

लोखंड_आणि_घाम

पंधरा वर्षं कोथरूडमध्ये लोकांना व्यायाम शिकवतोय. तुमचा त्रास खरा आहे, पण निष्कर्ष चुकला आहे असं मला वाटतं.

त्या प्रयोगातले मणके मेलेल्या जनावराचे होते. मेलेली चकती झिजते आणि झिजतच राहते. जिवंत शरीर ताण पडला की विश्रांतीत दुरुस्ती करतं. तुम्ही तेवढी विश्रांतीच दिली नाहीत. रोज १००, एकही सुट्टी नाही, तेही उठल्याबरोबर. रात्रभर आडवं पडल्यावर चकत्या पाणी धरून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा थोडी जास्त भरते. त्या वेळी वाकण्याचा ताण चकतीवर सगळ्यात जास्त येतो. त्यात पाय अडकवलेले. खांद्याची पाती जमिनीवरून सुटेपर्यंत पोट काम करतं, त्यापुढे उठून बसवतात ते मांडीला कमरेच्या मणक्यांशी जोडणारे जांघेतले स्नायू. पाय अडकवले की त्यांचा जोर आणखी वाढतो आणि ते कमरेलाच खेचतात. म्हणजे पाच महिने तुम्ही पोटापेक्षा जांघ जास्त कमावली.

दंडाचा स्नायू नुसतं वजन धरून उभं राहून कमावता येतो का? कोपर वाकवावंच लागतं. पोटाच्या उभ्या स्नायूचंही तसंच. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात २००१ मध्ये १३ व्यायामांची तुलना झाली, स्नायूंवर विद्युतपट्ट्या लावून. उभ्या स्नायूसाठी पहिला आला सायकल क्रंच, म्हणजे उताणं पडून सायकलसारखे पाय चालवत कोपर समोरच्या गुडघ्याकडे नेणं. दुसरा, उंच आधारावर कोपरापासून हात टेकवून, पाय लोंबते ठेवून गुडघे छातीकडे घेण्याचा. साधा प्लँक मिनिटभर जमला की पुढे तो ताकद वाढवत नाही, नुसता वेळ खातो. तो तीन मिनिटं करण्यापेक्षा तो अवघड करा.

माझ्याकडे येणाऱ्याला मी आठ ते बारा क्रंच देतो. सावकाश, पाय मोकळे, आठवड्यात तीनदा. जमले की छातीवर वजनाची चकती.

तळजाई_सकाळ

जांघेच्या स्नायूंचं पटलं. सकाळचंही. पण विद्युतपट्टी त्या क्षणी स्नायू किती चेतला एवढंच सांगते. तीन महिन्यांनी ताकद किती वाढली आणि कंबर किती झिजली, हे नाही सांगत. सर्वांत जास्त चेतवणारा तो सर्वांत चांगला, हे मला मान्य नाही.

कसबा_६१

तुम्ही दोघंही जमिनीवर पडूनच बोलताय. मी सोळाव्या वर्षी तालमीत गेलो. वस्तादांनी पोटासाठी म्हणून वेगळा व्यायाम एकदाही दिला नाही. जोर, बैठका, दोर चढणं, मुद्गल (जड लाकडी गदा) फिरवणं. जोर मारताना कंबर खाली झोल खाऊ द्यायची नाही, झोल आला की पाठीवर थाप पडायची. प्लँक म्हणजे जोराची पहिली पायरी, तिथेच थांबायचं कशाला? मुद्गल डोक्यामागून फिरवताना कंबर मागे कमानू न देता उभं राहून दाखवा, कुशीचे स्नायू दुसऱ्या दिवशी स्वतः सांगतील.

अजून रोज पर्वती चढतो. कंबर कधी धरली नाही.

लोखंड_आणि_घाम

काका, दोर चढण्याइतका पोटाचा व्यायाम मी दुसरा पाहिला नाही. पण सोळाव्या वर्षी सुरुवात करणं वेगळं. चाळिशीतल्या माणसाला पहिल्याच दिवशी मुद्गल दिला तर खांदा जाईल.

दोन_लेकरं

तुमच्या वादात एक गोष्ट कोणीच विचारात घेतली नाही, म्हणून लिहिते आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर चार महिन्यांनी मी जिममध्ये क्रंच सुरू केले. पोट आत जाईना, उलट डोकं उचललं की मधोमध डोंगरासारखा उंचवटा यायचा. दोन उभ्या स्नायूंना जोडणारी मधली पट्टी गरोदरपणात ताणली जाते, माझी भरून आली नव्हती. तिथे मला कोणी तपासायला सांगितलं नाही. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून बघायचं. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली तर आधी फिजिओ. माझी तीन होती.

मला कामी आला तो डेड बग. उताणं, हात वर, गुडघे वर. उजवा हात आणि डावा पाय श्वास सोडत सावकाश खाली न्यायचा, आणि कंबर जमिनीपासून सुटू द्यायची नाही. सुटली की तिथेच थांबायचं. आधी नुसती टाच टेकवायचे, पाय लांब करायला सात आठवडे लागले. दिसायला लहान मुलाचा खेळ वाटतो, पण आठ वेळा करताना घाम येतो. क्रंच सगळ्यांसाठीच वाईट असं मी म्हणणार नाही. पण उंचवटा येत असताना सरसकट प्रत्येकीला आठ-बारा क्रंच देणं मला मुळीच पटत नाही.

लोखंड_आणि_घाम

तुमचं म्हणणं मान्य. बाळंतपण झालेल्या बायकांना मी हे तपासून घ्यायला सांगतो, पण वर लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही.

खडकवासला_स्वप्न

मी बारावीत आहे, एनडीएची तयारी करतोय. त्यांच्या सूचनेत उमेदवारांनी काय काय जमवून यावं याची यादी असते. २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, पुशअप आणि सिट-अप्स किमान २०, चिनअप ८, दोर चढणं ३ ते ४ मीटर. मग मी सिट-अप्स बंद कशा करू? प्लँक कितीही झाला तरी सिट-अप्सचा सराव सिट-अप्स मारूनच होणार ना?

तळजाई_सकाळ

बरोबर, तू बंद करू नकोस. शीर्षकात मी 'कायमच्या' लिहिलं ते तुला लागू नाही. फक्त २० हव्यात तर २५-३० पर्यंत जा, रोज १०० च्या मागे लागू नकोस. आणि संध्याकाळी मार.

कसबा_६१

बाळा, दोर पण रोज चढ. पाय न लावता.

मॉडेल_कॉलनी

मी अय्यंगार पद्धतीने योग करते. आमच्याकडे नावासन, म्हणजे बसून पाय उचलून नावेसारखा तोल धरणं, दोन प्रकारचं आहे. परिपूर्ण नावासनात पाठ सरळ, पावलं डोक्याच्याही वर, हात पुढे लांब. अर्ध नावासनात बोटं गुंफून डोक्यामागे, धड आणि पाय बरेच खाली, पायाची बोटं डोक्याच्या पातळीत. दुसरं दिसायला सोपं, करायला फार कठीण. यात वाकणंही नाही आणि प्लँकचा कंटाळाही नाही. छाती खाली पडून पाठ गोल झाली की मात्र सगळा भार कमरेवर येतो. नवीन असाल तर गुडघे दुमडूनच करा.

बाणेर_बाल्कनी

यातल्या कशाने ढेरी कमी होते? मला तेवढंच हवंय.

दोन_लेकरं

कशानेच नाही. स्नायूवरची चरबी त्या जागेच्या व्यायामाने वितळत नाही. खाणं, चालणं, झोप यांनी सगळ्या अंगाची हळूहळू उतरते. बेंबीपाशी टेप लावून मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. त्यापुढे असाल तर पोटाच्या व्यायामाआधी रक्तातली साखर तपासून घ्या.

तळजाई_सकाळ

सगळं पुन्हा वाचलं. ज्याची कंबर एकदा धरली आहे त्याने धरून ठेवण्याचे व्यायाम आधी पक्के करावेत, यावर मी ठाम आहे. पण वाकणं कायमचं टाळायचं, हे माझ्याच अनुभवाच्या भीतीतून आलं होतं. शेवटी बादली उचलायला मला रोज वाकावंच लागतं. पुढच्या सोमवारपासून संध्याकाळी, पाय मोकळे, खांद्याची पाती सुटेपर्यंतच, सहा क्रंच सुरू करतो.

लोखंड_आणि_घाम

सहा ठीक. वर पोहोचल्यावर दोन सेकंद थांबा, मानेला हाताने ओढू नका. आणि कुशीवरचा प्लँक सोडू नका, तो माझ्या यादीतही आहे. पाय बधिर झाला किंवा कळ मांडीखाली उतरली तर लगेच बंद करून फिजिओला दाखवा.