मदत हवी आहे: ॲनिमोन सरकत झोआंपाशी येऊन बसलंय

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहिते आहे. घरी चार फुटी समुद्री टाकी आहे, पाणी साधारण २८० लिटर. टाकीला दीड वर्ष झालं. आत सगळी सॉफ्ट कोरल (मऊ अंगाचे प्रवाळ): झोआंच्या (फुलांसारख्या दिसणाऱ्या छोट्या पॉलिपांच्या) दोन वसाहती, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि तळहाताएवढं टोडस्टूल लेदर. हार्ड कोरल (दगडी सांगाड्याचं) ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही. ते सगळे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. मासे म्हणजे ऑसेलॅरिस क्लाऊनची (ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या माशांची) जोडी आणि एक गोबी.

मागच्या आठवड्यात बबल टिप ॲनिमोन (पायाने दगडाला चिकटून राहणारा, डंख मारणारा समुद्री जीव) आणलं. उघडलं की बशीएवढं होतं. डावीकडच्या उंच दगडावर ठेवलं तेव्हा छान बसलं होतं, मग एका रात्रीत तिथून निघालं आणि आता मधल्या मोठ्या दगडाच्या फटीत पाय खुपसून बसलंय. रंग तपकिरी-हिरवा, तोंड घट्ट मिटलेलं, कोळंबीचा तुकडा दिला की लगेच आवळून घेतं. त्याची तब्येत उत्तम दिसते. हाल शेजाऱ्यांचे चाललेत. झोआंची एक वसाहत त्याच्यापासून जेमतेम तीन बोटं लांब आहे, आणि प्रवाह वळला की त्याची फुगीर टोकं झोआंवर घासतात. त्या कडेचे पॉलिप परवापासून उघडलेच नाहीत. दोन-तीन तर पांढरट होऊन विरघळल्यासारखे दिसतात. त्याच वसाहतीची पलीकडची बाजू मात्र नेहमीसारखी फुललेली आहे, म्हणून मला हा डंखाचाच प्रकार वाटतो.

पाणी: सॅलिनिटी १.०२५, तापमान २६ ते २७, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ८, अल्कलिनिटी ८.५.

पाय फटीत असताना त्याला हलवता येतं का? कोरलपासून किती अंतर ठेवावं? दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारे पंखे) आहेत, त्यातला उजवा त्याच्यापासून वीतभरच आहे, आणि ते रात्री पुन्हा चालायला लागलं तर काय, या काळजीने मी दोनदा उठून टॉर्च मारून बघते. शिवाय भाचा जामनगरला असतो. त्याने वाडीनारजवळ नराराला ओहोटीच्या वेळी भलीमोठी ॲनिमोन पाहिली, "मामी, एक आणू का?" म्हणतो. त्याला काय सांगू?

क्लाऊन अजून त्यात गेलेले नाहीत. घरचे म्हणतात देऊन टाक. मला ते सांभाळायचं आहे, पण झोआंचा बळी देऊन नाही.

प्रतिसाद

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं: वेव्हमेकर आजच झाका. पंख्यात सापडलेलं ॲनिमोन चिंधड्या होऊन मरतं आणि त्यातून जे सुटतं त्याने मासे-कोरलही जाऊ शकतात. जाळी मिळेपर्यंत मोठ्या छिद्रांचा स्पंज बांधून ठेवा.

आता हलवण्याचं. हलवू नका. फटीतून ओढायला गेलात तर पाय फाटतो, आणि फाटलेल्या पायाचं ॲनिमोन वाचण्याची शक्यता फार कमी. प्रकाश, प्रवाह आणि पाय लपवायला फट, या तिन्ही गोष्टी जुळल्या की ते स्वतःच थांबतं. तुमचं खातंय, तोंड मिटलेलं आहे, म्हणजे त्याला जागा पसंत पडलेली दिसते. मग झोआ हलवा! त्या सुट्या दगडावर असतील तर दगडच उचलून पलीकडे ठेवा. मोठ्या दगडावर पसरल्या असतील तर हातमोजे आणि चष्मा घालूनच सोडवा, कारण काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. त्यांना घासणं-उकळणं तर अजिबात नको.

अंतर मोजताना ॲनिमोन पूर्ण फुललेलं असतानाचा घेर धरा आणि त्यापुढे निदान वीतभर मोकळं सोडा. बबल टिप बशीवरून ताटाएवढं व्हायला वेळ लागत नाही, वर ते दोन तुकड्यांत विभागलं तर दुसरं नवीन जागा शोधत फिरणार. माझ्याकडे ॲनिमोनचा दगड वाळूत एकटा ठेवलाय, चारी बाजूंना नुसती वाळू. त्यांना वाळूवरून जायला फारसं आवडत नाही. अगदीच शाश्वती नाही, पण फरक पडतो.

नराराच्या बाबतीत भाच्याला स्पष्ट नाही म्हणा. तो सगळा भाग १९८२ च्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, तिथून शिंपलाही उचलायचा नसतो. आणि तिथली ती मोठी ॲनिमोन बहुतेक कार्पेट प्रकारातली. घरच्या टाकीत ती मासे गिळतात.

क्लाऊनची घाई करू नका. तुमचे ऑसेलॅरिस निसर्गात बबल टिपमध्ये राहतच नाहीत. टाकीत कधी जातात, कधी वर्षभर ढुंकूनही बघत नाहीत.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. एक भर: लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडतं, त्याचा त्रास ॲनिमोनलाही होऊ शकतो. संपमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाका आणि दर महिन्याला बदला.

उन्हाळ्याचंही बघा. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पंख्याने टाकी थंड ठेवत असाल तर पाणी झपाट्याने उडतं आणि सॅलिनिटी चढते. ॲनिमोनला हा चढउतार सोसत नाही, आरओचं पाणी आपोआप भरणारी सोय करून घ्या. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा पंखा नीट काम करत नाही. जमलं तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. झोआ सुट्या दगडावरच होत्या, तो दगड उजव्या कोपऱ्यात नेला. आज कडेचे काही पॉलिप अर्धे उघडलेत, पांढरे पडलेले मात्र गेले. भाच्याला फोन केला, त्याला राष्ट्रीय उद्यानाचं ठाऊक नव्हतं, लगेच पटलं. कार्बन टाकलाय. स्पंज लावल्यापासून वेव्हमेकरचा जोर निम्म्यावर आलाय, लेदरच्या मागे कचरा साचतोय. तुम्ही कोणती जाळी वापरता?

प्रतिसाद

प्लास्टिकची, ताई. धातूची नको, तांब्याचा अंश उतरला तर ॲनिमोन आणि कोरल दोन्ही जातील. पंख्याभोवती बोटभर जागा सोडून पिंजऱ्यासारखी गोल बसवा, म्हणजे प्रवाह अडत नाही आणि ओढीने पायही चिकटत नाही. शेवाळ धरलं की जोर पुन्हा कमी होतो, म्हणून दर आठवड्याला काढून ब्रशने घासा. त्या वेळी ॲनिमोन कुठे आहे ते बघूनच पंप परत चालू करा.