बाळ सांभाळणाऱ्या मावशींकडे स्वयंपाकाचे नेमके किती काम असावे? (अनुभव धागा)

आपल्याकडच्या खेड्यांत बाळ सांभाळायला बाई ठेवताना वेळ ठरते, पगार ठरतो, पोळा-दिवाळीच्या सुट्ट्याही ठरतात. खाण्याचा विषय मात्र "बाळाचं तेवढं बघून घ्या" एवढ्यावर सुटतो आणि पुढच्या बहुतेक कुरबुरी तिथूनच निघतात. राज्य शासनाच्या सेवेतील मातेला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते आणि बाळाला वरचे अन्नही सहा महिने पूर्ण झाल्यावरच सुरू करायचे असते. म्हणजे आई कामावर रुजू होते त्याच सुमारास घरात सर्वांनाच नवे असलेले एक काम मावशींच्या हाती पडते. ज्यांनी बाई ठेवली आणि ज्यांनी हे काम केले, अशा दोन्ही बाजूंनी लिहावे. नावे नकोत, तालुका पुरे.

जिल्हा परिषद शिक्षिका, दारव्हा तालुका

आमच्या मावशी सकाळी मी शाळेत निघण्याआधी येत आणि मी परतल्यावर जात. सुरुवातीला त्यांच्याकडे मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि दुपारी एखादे उकडून कुस्करलेले फळ एवढेच होते. मग सासूबाई एकदा म्हणाल्या, "कुकर लावतेच आहेस तर आमचाही भात टाक." भाताच्या मागून वरण आले, वरणाच्या मागून पोळ्या आल्या, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर शेतावरचा डबाही मावशीच भरू लागल्या. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येक वाढ इतकी लहान होती की नाही म्हणायला जागाच नव्हती. शेवटी मावशींनीच तोंड उघडले: "लेकराचं मी सारं करीन, पण घरच्याइच्या पोया माह्याकून होनार नाही. मी पोया लाटतो तवा लेकरू एकटंच झोक्यात रडते." त्यानंतर आम्ही दीड लिटरचा वेगळा कुकर आणला. लहान कुकरात जे शिजेल ते मावशींचे काम आणि मोठा कुकर घरच्यांचा, ही वाटणी सासूबाईंनाही लगेच पटली, कारण ती डोळ्यांना दिसत होती. बाळाची वाटी, चमचा आणि तो कुकर धुणे मावशींकडे राहिले. ओट्यावरची बाकीची भांडी त्यांच्याकडून गेली.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, सिंदेवाही तालुका

चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पारा ४५ अंशांवर असताना सकाळी आठला शिजवलेली खिचडी दुपारी एकला बाळाला देणे धोक्याचे असते. शिजवलेले अन्न सामान्य तापमानालाही दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमच्याकडे तर दुपारी वीज गेली की फ्रिजवरही भरवसा राहत नाही. म्हणून "सकाळीच सगळे करून ठेवा" ही अपेक्षा सोयीची वाटली तरी उन्हाळ्यात योग्य नाही. मावशींनी दोनदा थोडे थोडे शिजवावे आणि त्यासाठी लागणारा वेळ कामाच्या तासांत धरावा.

मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. उरलेले टाकून देण्याची मुभा मावशींना स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. ज्या घरात शिळी भाकरही वाया जात नाही अशा घरातून आलेली बाई तुमची तूप घातलेली खिचडी आपणहून उकिरड्यावर टाकणार नाही. ती झाकून ठेवील आणि संध्याकाळी पुन्हा गरम करील, आणि जुलाब लागले की बोल मात्र तिच्याच माथी येईल.

काही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगाव्यात. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, वेगळे मीठ-साखर घालायची नाही, आणि अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे हातात द्यायचे नाहीत. आजीला मधाचे बोट चाटवायचे असेल तर तो वाद आईने आजीशी करावा. मावशींना मध्ये उभे करू नये.

शेतकरी कुटुंब, आर्वी तालुका

कापूस वेचणी सुरू झाली की चांगली बाई घरात टिकत नाही, कारण शेतात किलोप्रमाणे मजुरी हातात पडते. आम्ही दुपारच्या पोळ्या मावशींकडे ठेवल्या आहेत, पण त्यांचे पैसे वेगळे ठरवून आणि बाळ झोपल्यावरच करायच्या या बोलीवर. ज्या दिवशी बाळ झोपत नाही त्या दिवशी पोळ्या होत नाहीत आणि आम्ही सकाळच्या भाकरी खातो.

हेच काम करणाऱ्या बाई, दर्यापूर तालुका (मुलीने लिहून दिले)

आई सांगते की संध्याकाळी मालकीण घरी आली की पहिला प्रश्न "किती खाल्लं?" असाच असतो. वाटीत उरले असेल तर चेहरा बदलतो. मग बायका बाळाला मांडीत आडवे धरून, नाक दाबून चारतात. हे आईने पाहिलेले आहे. तिचे म्हणणे असे, की वेळेवर ताजे करणे आणि प्रेमाने समोर धरणे हे तिचे काम आहे, किती खायचे हे मात्र लेकरूच ठरवते. दात येताना किंवा ताप असताना ते दोन घासही घेत नाही. दुसरे म्हणजे तिचे स्वतःचे जेवण. कुठे ते देतात, कुठे घरून डबा आणावा लागतो, दोन्ही चालते. पण कोणते ते आधी सांगावे. एका घरी तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. ज्या हातचे बाळ खाते त्या हाताचा कप वेगळा कसा, हे तिने विचारले नाही. ते घर सोडले.

निवृत्त ग्रामसेवक, मेहकर तालुका

एवढी बोलाचाली शहरात शोभते. गावात बाई आपल्याच ओळखीतली असते, सणाला लुगडे आणि अडीअडचणीला पैसे दिले जातात, त्यात सगळे भागते.

धागाकर्ती

काका, लुगडे जरूर द्यावे. पण ओळखीतली असल्यामुळेच तिला नाही म्हणता येत नाही, हे वरच्या पहिल्या अनुभवातच आले आहे.

बँक कर्मचारी, वरुड तालुका

सात महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा भरवायचे असते. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो, म्हणजे पगार तोच राहून काम जवळजवळ दुप्पट होते. वर्षानंतर याच्या उलट घडते. बाळ घरचेच कमी तिखटाचे वरण-भात खाऊ लागते आणि वेगळे शिजवणे संपत जाते. आम्ही म्हणून बोलणी दोनदा केली, नवव्या महिन्यात पगार वाढवून आणि वाढदिवसानंतर कामाची आखणी बदलून. आता वरणाला फोडणी देण्याआधी बाळापुरते वरण बाजूला काढणे हे माझे काम आहे. ते कुस्करून भरवणे मावशींचे. पाहुणे आले तर चहा मावशी ठेवतात, स्वयंपाक आम्ही करतो. संत्र्याच्या तोडीच्या वेळी घरात माणसे वाढतात, तेव्हा स्वयंपाकाला दुसरी बाई येते आणि मावशी बाळाला घेऊन बाहेरच्या ओसरीत बसतात.