तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर डॉक्सी: एक डोस पुरतो का?

दादरकर: मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) टाळायला डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) हे प्रतिजैविक सुचवतात. संशोधनाचा आधार कितपत?

उत्तर: आधार आहे, पण परिस्थिती वेगळी होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पनामाच्या जंगलात सराव करणारे ९४० अमेरिकी सैनिक होते. एका गटाला दर आठवड्याला २०० मिग्रॅ डॉक्सी, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. लेप्टो झाला अनुक्रमे १ आणि २० जणांना. मात्र तिथे संपर्क चालू असतानाच डोस चालू होता. एकदाच पाण्यातून जाऊन नंतर एकच डोस घेण्याचा पुरावा याहून बराच कच्चा आहे.

शिवडीवाला: डॉक्टरांना विचारून, पाण्यातून गेल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी घ्या. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण होऊ शकतो. दूध, अँटासिड, लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. गरोदर बाईला डॉक्सी देऊ नका, तिच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध देतात.

लॅबवाली: गोळी घेतली म्हणून ताप अंगावर काढू नका, कळकळीने सांगते. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतात. तापाच्या पहिल्या दिवसांत आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा रक्ताची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) करा. पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, लघवी कमी दिसली तर रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा.